प्लॉट विकून देताय? मग महारेराची नोंदणी लागते! परीक्षा, कागदपत्रं, खर्च आणि दंड, वाचा सविस्तर

वैजापूर : समृद्धी महामार्ग झाला, बिडकीनला कारखाने येऊ लागले, तशा वैजापूर, गंगापूर, पैठण तालुक्यांत रस्त्याच्या कडेला प्लॉटच्या पाट्या वाढल्या. 'एनए प्लॉट, हायवेपासून दहा मिनिटं, सोपे हप्ते' असं लिहिलेलं असतं आणि खाली मोबाईल नंबर. हा नंबर पुष्कळदा कुठल्या कंपनीचा नसतो, गावातल्याच एखाद्या पोराचा असतो. दुचाकीवर बसवून तो माणसाला प्लॉट दाखवतो, बैठक घडवून आणतो आणि व्यवहार झाला की दहा-पंधरा हजार मिळवतो. शेतीला जोड म्हणून धंदा वाईट नाही.

पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट दुसऱ्याला विकून द्यायचा असेल, तर विकून देणाऱ्याचीही महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणी नसताना हे काम केलं तर दिवसाला १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आणि ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते पण केलेलीच नाही, तिथला प्लॉट तर नोंदणीकृत एजंटलाही विकता येत नाही.

नोंदणी करणं मात्र वाटतं तेवढं अवघड नाही. खर्चही एक-दोन व्यवहारांत निघून येईल एवढाच आहे. कसं करायचं ते पाहू.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारचा स्थावर मालमत्ता कायदा २०१६ चा आहे. त्यालाच सगळे 'रेरा' म्हणतात. त्याची पूर्ण अंमलबजावणी १ मे २०१७ पासून सुरू झाली. महाराष्ट्रात हे काम 'महारेरा' बघतं. मुख्य कार्यालय मुंबईला, शिवाय पुणे आणि नागपूरला कार्यालयं आहेत. पण नोंदणीचं काम ऑनलाइन असल्यामुळे मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

बोलताना आपण 'लायसन्स' म्हणतो, पण कायद्यातला शब्द 'नोंदणी' आहे. कलम ९ मध्ये एजंटाच्या नोंदणीची सक्ती आहे. कलम १० मध्ये एजंटानं काय करावं आणि काय करू नये हे दिलं आहे. एजंट म्हणजे फक्त टाय लावून ऑफिसात बसणारा माणूस नव्हे. दोघांची गाठ घालून देणारा, त्यासाठी कमिशन, फी किंवा कुठल्याही नावानं पैसे घेणारा प्रत्येक जण यात येतो. 'मी फक्त ओळख करून दिली' हे कारण, त्या ओळखीचे पैसे घेतले असतील तर, चालत नाही.

नोंदणी कुठं लागते, कुठं लागत नाही?

इथं गावाकडं सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून नीट समजून घ्या.

एका शेतकऱ्याची शेती दुसऱ्या शेतकऱ्याला, शेती म्हणूनच विकून द्यायची असेल तर त्या मध्यस्थाला रेराची नोंदणी लागत नाही. गावातलं जुनं घर एकाकडून दुसऱ्याला द्यायचं असेल तरीही लागत नाही. कारण रेराची सक्ती नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीशी जोडलेली आहे.

पण त्याच शेताचे तुकडे पाडून, रस्ते आखून, नंबर टाकून प्लॉट विकायला काढले की तो 'प्रकल्प' झाला. अशा प्रकल्पाची नोंदणी विकासकानं, म्हणजे प्लॉट पाडणाऱ्यानं, आधी करायची असते. त्याआधी त्याला जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही. यातून सूट आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला.

आता ५०० चौरस मीटर म्हणजे किती? एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठे झाले की ५०० ची हद्द ओलांडली. अर्धा एकर, म्हणजे २० गुंठ्यांचं प्लॉटिंग दोन हजार चौरस मीटरच्या पुढं जातं. रस्त्याकडेला दिसणारं बहुतेक प्लॉटिंग एकर-दोन एकराचं असतं. तेव्हा 'आमचं लहान आहे, आम्हाला रेरा लागत नाही' असं कोणी म्हणालं तर आधी गुंठे मोजा.

कायद्यात 'नियोजन क्षेत्र' असा शब्द आहे. म्हणजे नगरपालिकेच्या विकास आराखड्यात, प्रादेशिक योजनेत किंवा एखाद्या विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आलेला भाग. आपलं गाव त्यात येतं का, हे नगररचना कार्यालयात विचारता येतं. ग्रामपंचायतीची हद्द आहे म्हणून रेरा नाही, असं नसतं. अनेक खेडी अशा योजनांमध्ये आलेली आहेत.

एजंट कसं व्हायचं? चार पायऱ्या

रेरा कायद्यात किंवा राज्याच्या नियमांत एजंटासाठी पदवीची अट घातलेली नाही. मात्र २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली आहे. त्याआधी नुसता अर्ज आणि फी भरली की नंबर मिळायचा. १० जानेवारी २०२३ च्या आदेशानं ते बदललं.

पहिली पायरी, प्रशिक्षण. महारेरानं मान्यता दिलेल्या संस्थांकडून २० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. या संस्थांची यादी महारेराच्या संकेतस्थळावर असते. यादीत नाव नसलेल्या क्लासला पैसे देऊ नका. फी संस्थेनुसार वेगवेगळी असते. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या : फी किती, शिकवण्याची भाषा कोणती आणि वर्ग मोबाईलवर करता येतो की जावं लागतं. शिकवतात काय, तर रेरा कायदा, प्रकल्पाची माहिती कशी वाचायची, करारनाम्यात काय असतं, चटई क्षेत्र म्हणजे काय, जमिनीची मालकी आणि बोजा कसा तपासायचा, ग्राहकाला कुठले कागद द्यायचे, हे सगळं.

दुसरी पायरी, परीक्षा. बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था ही परीक्षा घेते. केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायची असते. एकूण गुण १००, प्रश्न पर्यायांचे, आणि पास व्हायला ४० टक्के लागतात. परीक्षेची फी १,५०० रुपये अधिक जीएसटी अशी ठरवलेली होती. अर्ज भरताना चालू फी बघून घ्यावी. मे २०२३ मध्ये पहिली परीक्षा झाली तेव्हा शंभरात नव्वदपेक्षा जास्त जण पास झाले होते. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पण न वाचता जाण्यासारखंही नाही. ज्यानं सातबारा, फेरफार, खरेदीखत हे कागद हाताळले आहेत त्याला अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो. पास झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र मिळतं.

तिसरी पायरी, ऑनलाइन अर्ज. प्रमाणपत्र हातात आलं की महारेराच्या संकेतस्थळावर खातं उघडून एजंट नोंदणीचा अर्ज भरायचा. गुगलवर शोधताना पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट असतात. अर्जाला साधारण हे लागतं :

- पॅन कार्ड, आधार, फोटो
- धंद्याच्या जागेचा पुरावा. घरातूनच काम करणार असाल तर घराचा पत्ता चालतो, पण त्याचा कागद हवा. भाड्याचा गाळा असेल तर भाडेकरार.
- मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. रिटर्न भरायची वेळच आली नसेल तर तसं घोषणापत्र.
- दुसऱ्या राज्यात नोंदणी असेल तर तिची माहिती
- कोर्टात दिवाणी, फौजदारी केस चालू असेल तर तिची माहिती. भाऊबंदकीतला जमिनीचा वाद असला तरी लपवू नये.
- लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुना. धंद्यात जे वापरणार तेच द्यायचं.
- सक्षमता प्रमाणपत्र

चौथी पायरी, फी आणि नंबर. नियमानुसार एका व्यक्तीसाठी नोंदणी फी १० हजार रुपये आहे. भागीदारी फर्म, कंपनी असेल तर १ लाख रुपये. गावपातळीवर काम करणाऱ्यानं व्यक्ती म्हणूनच नोंदणी करणं परवडतं. कागदात त्रुटी निघाली तर महारेरा ऑनलाइनच कळवतं, त्यामुळे ईमेल आणि खातं बघत राहायचं. सगळं बरोबर असेल तर 'ए' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळतं. मुदत पाच वर्षांची. मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणाचा अर्ज करायचा, संपल्यावर नाही.

सगळा हिशेब केला तर नोंदणीचे १० हजार, परीक्षेचे दीड-दोन हजार, वर प्रशिक्षणाची फी आणि येण्या-जाण्याचा खर्च. तालुक्याच्या गावात 'आम्ही लायसन्स काढून देतो' म्हणणारे असतात. फॉर्म भरायला मदत घेतली तर हरकत नाही, त्याची मजुरी द्या. पण 'परीक्षा न देता नंबर आणतो' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी रद्द होते आणि त्रास ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच होतो.

नंबर मिळाला, पुढं काय?

नोंदणी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. काही गोष्टी रोज पाळाव्या लागतात.

प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दिसेल असं लावायचं. पाटी, पत्रक, व्हिजिटिंग कार्ड, पावती, सगळीकडं आपला नोंदणी क्रमांक टाकायचा. जाहिरातीत प्रकल्पाचाही 'पी' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. फेसबुक किंवा व्हॉट्सअपवर टाकलेली पोस्ट हीसुद्धा जाहिरातच आहे, हे पोरं विसरतात.

हिशेबाची वही ठेवायची. कोणाला कुठला प्लॉट दाखवला, किती कमिशन मिळालं, कोणाकडून मिळालं, याची नोंद हवी. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते सगळे त्याला मिळवून द्यायचे. 'नंतर देतो' म्हणायचं नाही. जे प्रकल्पात नाही ते आहे म्हणून सांगायचं नाही. नकाशात बगीचा नसताना बगीचा दाखवला, रस्ता सहा मीटरचा असताना नऊ मीटरचा सांगितला, तर ती अनुचित प्रथा ठरते.

परीक्षा न दिलेल्या जुन्या एजंटांना महारेरानं वेळ वाढवून दिली होती. तरीही प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली गेली. त्यामुळे कोणी जुना नंबर दाखवत असेल तर तो आज चालू आहे का, हे बघावं लागतं.

खरी अडचण गुंठ्याची

परीक्षा आणि फी हा सोपा भाग झाला. खरा अवघड भाग आहे 'नाही' म्हणण्याचा. कारण तालुक्यात विकायला येणारं बरंचसं प्लॉटिंग असं असतं, की नोंदणीकृत एजंटाला त्याला हात लावता येत नाही.

नेहमीचा प्रकार असा. रोडलगतचं एक-दोन एकर शेत. मालकाला पैशांची गरज. शहरातला एक जण येतो, विसार देतो, जेसीबीनं रस्ते काढतो, चुन्याच्या रेघा मारतो, दगड रोवतो आणि एक-दीड गुंठ्याचे तुकडे विकायला काढतो. लेआऊट मंजूर नाही, बिनशेती नाही, रेरा नाही. विकायला गावातला पोरगा धरतो. पोरगा पहिल्यांदा कोणाला गाठतो? आपल्या मामाला, मावसभावाला, शाळेतल्या सरांना, वाळूजच्या कंपनीतल्या मित्राला. ते विश्वास ठेवतात तो प्लॉटवर नाही, त्या पोरावर ठेवतात.

मग खरेदीखत होत नाही. कारण राज्यात तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं अकोला आणि रायगड सोडून बाकी जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. तिथं एक-दीड गुंठ्याचं खरेदीखत कसं होणार? मग वाटा शोधल्या जातात. कोणी पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो. कोणी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करतो. कोणी दहा जणांच्या नावावर २० गुंठे सामाईक खरेदी करतो आणि 'आपसात वाटून घ्या' म्हणतो. नोटरीच्या कागदानं जमिनीची मालकी येत नाही. सामाईक खरेदीत सातबाऱ्यावर दहा नावं येतात, पण कुठला तुकडा कोणाचा हे कुठल्याही सरकारी कागदावर येत नाही. उद्या त्यातल्या एकानं भांडण काढलं की बाकी नऊ जण अडकतात. घरकर्ज मिळत नाही, बांधकामाची परवानगी मिळत नाही.

'आता तुकडेबंदी उठली' असे मेसेज २०२५ मध्ये पुष्कळ फिरले. सरकारनं सवलत दिली ती शहरांच्या हद्दीतल्या आणि आराखड्यात राहण्यासाठी वा इतर बिनशेती वापरासाठी दाखवलेल्या भागांबाबत. शेती म्हणून राहणारी जमीन कुठंही गुंठ्यानं विका, असा त्याचा अर्थ नाही. 'गुंठेवारीत नियमित होऊन जाईल' हेही सर्रास सांगितलं जातं. त्या कायद्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीचा विचार आहे. काल पाडलेल्या प्लॉटचा नाही.

पुढं काय होतं हे गावोगावी दिसतं. मालक पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. प्लॉट पाडणारा फोन उचलत नाही. उरतो तो गावातला पोरगा. त्याला पंधरा हजार मिळालेले असतात आणि मामाचे पाच लाख अडकलेले असतात. लग्नात, दहाव्याला, बाजारात माणसं त्यालाच विचारतात. 'मी फक्त मध्ये होतो' म्हणून मामाचं समाधान होत नाही आणि कायद्याचंही होत नाही.

नोंदणीचा उपयोग इथं होतो. प्लॉट पाडणाऱ्याला सरळ सांगता येतं : माझी नोंदणी आहे, तुमच्या प्रकल्पाला नंबर नसेल तर मला विकता येणार नाही. हे वाक्य बोलल्यावर काही धंदा जाईल. पण जो राहील तो गावात ताठ मानेनं करता येईल.

प्लॉट दाखवण्याआधी एवढं तपासा

नोंदणी असो वा नसो, शेतीचा व्यवहार असो वा प्लॉटचा, मध्ये पडणाऱ्यानं हे बघितलंच पाहिजे :

- ताजा डिजिटल सही असलेला सातबारा आणि आठ-अ. विकणाऱ्याचं नाव, क्षेत्र, 'इतर हक्क' रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, वारसांची नावं तिथंच दिसतात.
- भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नाही. मराठवाड्यात इनाम, मदतमाश, खिदमतमाश जमिनी बऱ्याच आहेत. देवस्थानच्या खिदमतमाश जमिनीच्या व्यवहारात पडूच नये. गायरान तर विकायचा प्रश्नच नाही.
- जुने फेरफार. बहिणींची नावं कमी झाली असतील तर हक्कसोड नोंदवलेला आहे का?
- 'एनए' म्हणजे तोंडी एनए नव्हे. बिनशेतीचा कागद आणि सक्षम अधिकाऱ्यानं मंजूर केलेला लेआऊट, दोन्ही बघायचे. 'एनए प्रस्तावित' याचा अर्थ एनए नाही असाच घ्यायचा.
- लेआऊटवरचा प्लॉट नंबर आणि जागेवरचा दगड जुळतो का? खुल्या जागेचा किंवा रस्त्याचा तुकडा प्लॉट म्हणून विकला जात नाही ना?
- शेतीच असेल तर घेणारा शेतकरी आहे का? मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला परवानगी लागते.
- महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून पान उघडा. मंजूर नकाशा, मालकीचा अहवाल, बोजा, कोर्टकेस, काम पूर्ण करण्याची तारीख, सगळं तिथं मोफत दिसतं.

शंका असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध वकिलाकडून करून घ्यावा. त्याला दोन-चार हजार गेले तरी पाच लाख वाचतात.

दंडाचा हिशेब

कलम ९ किंवा १० मोडलं तर कलम ६२ नुसार दिवसाला १० हजार रुपये दंड. तो वाढत जाऊन विकून दिलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

समजा ८ लाखांचा प्लॉट नोंदणी नसताना विकून दिला. पाच टक्के म्हणजे ४० हजार. दिवसाला १० हजारांनी ते चार दिवसांत पूर्ण होतात. दोन टक्के कमिशन धरलं तर मिळाले होते १६ हजार. असे चार-पाच प्लॉट विकले असतील तर कमाईच्या दुपटीनं दंड जाऊ शकतो. फसवणुकीची पोलीस तक्रार झाली तर ते प्रकरण वेगळंच.

कमिशन आणि पैशांचे व्यवहार

कमिशन किती घ्यायचं हे रेरा कायद्यानं ठरवून दिलेलं नाही. एक ते दोन टक्के अशी रीत आहे. प्लॉटिंगमध्ये कधी प्लॉटमागं ठरावीक रक्कम ठरते. काहीही ठरवा, पण आधी ठरवा आणि लिहून घ्या. विकासकाकडून एजंट म्हणून नेमणुकीचं पत्र घ्या. तोंडी ठरलेलं कमिशन बुडवल्याच्या तक्रारी एजंटांकडूनच जास्त ऐकायला मिळतात.

प्लॉटच्या, जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. विसार असो वा हप्ता, चेकनं किंवा खात्यावरच. ग्राहकाचे पैसे एजंटानं स्वतःच्या खात्यावर घेऊच नयेत, ते थेट विकासकाच्या प्रकल्प खात्यावर जावेत. तसंच विकासकाला नोंदणीकृत करारनामा करण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ८ लाखांच्या प्लॉटला ८० हजारांच्या वर मागितले तर आधी करारनामा मागा.

कमिशनवर विकासक टीडीएस कापू शकतो. तो परत मिळवायचा असेल तर रिटर्न भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी कमिशन हे शेतीचं उत्पन्न नव्हे. वर्षाची कमाई २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणीही लागते.

प्लॉट घेणाऱ्यांनी एवढं विचारावं

एजंट नात्यातला असला तरी दोन नंबर मागायला लाजू नका : त्याचा 'ए' नंबर आणि प्रकल्पाचा 'पी' नंबर. दोन्ही मोबाईलवर महारेराच्या साइटवर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. नाव, पत्ता, मुदत जुळली तर पुढं बोला. नंबर 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं तर तो आल्यावर या म्हणावं.

फसवणूक झालीच तर नोंदलेल्या प्रकल्पाविरुद्ध किंवा एजंटाविरुद्ध महारेराकडं ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रारीची फी ५ हजार रुपये आहे. पावत्या, चेकचे नंबर, व्हॉट्सअपवरचं बोलणं, जाहिरातीचा फोटो जपून ठेवा, पुरावा म्हणून तेच कामाला येतं.

पाऊसपाण्याचा भरवसा नसलेल्या या तालुक्यांत पोरांनी जमिनीच्या व्यवहारात उतरणं यात वावगं काही नाही. जमीन, शिवार, गट नंबर, भाऊबंदकी याची माहिती शहरातल्या एजंटापेक्षा त्यांनाच जास्त असते. २० तासांचं शिक्षण, एक परीक्षा आणि १० हजारांची फी भरून तेच काम कायद्यानं करता येतं. पुढच्या वेळी मामाला प्लॉट दाखवायला नेताना खिशात आपला नंबर असावा आणि प्लॉटच्या पाटीवर प्रकल्पाचा. दोन्हीतला एक जरी नसेल, तर त्या दिवशी गाडी घरीच ठेवलेली बरी.